किल्ली कोणाकडे?

'जागा नाही' हे वाक्य मुंबईचा माणूस जन्मभर ऐकत असतो. लोकलच्या दारात ऐकतो, शाळेच्या प्रवेशाला ऐकतो, भाड्याच्या खोलीसाठी वणवण करताना तर उठता-बसता ऐकतो. ते ऐकून ऐकून कंटाळलो म्हणून तर आम्ही खाडी ओलांडून ऐरोलीत आलो. पण परवा माझ्या खिशातला फोनच म्हणाला, 'जागा शिल्लक नाही.' मी हबकलो. आता कुठली खाडी ओलांडायची?

फोनची झडती घेतली. नातवाचे फोटो तीनशे, त्यातले अडीचशे हललेले. बाकी सगळा गुलाब. लाल गुलाब, पिवळा गुलाब, दव पडलेला गुलाब, गुलाबाशेजारी चहाचा कप, आणि खाली 'सुप्रभात'. आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटात त्रेसष्ट सभासद आहेत आणि एकालाही उशिरा जाग येत नाही.

भाचा महाप्याच्या एका डेटा सेंटरात कामाला आहे. रातपाळी संपली की शनिवारी सकाळी आमच्याकडे पोह्यांना येतो. त्याने फोन हातात घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "मामा, सगळं क्लाउडवर टाकून देऊ."

"क्लाउडवर म्हणजे नक्की कुठे रे?" मी विचारलं.

"म्हणजे इथे नाही. दुसऱ्याच्या मशीनवर. आपण इंटरनेटवरून वापरायचं आणि महिन्याला भाडं द्यायचं."

आमची ही पोह्यांवर खोबरं पेरत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आणि किल्ली कोणाकडे?"

भाच्याचा चमचा तोंडाशी थांबला. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा वर्षं झाली, पण मुद्द्यावर इतक्या लवकर आलेलं गिऱ्हाईक त्याला भेटलं नसावं. "मामी, ते जरा मोठं प्रकरण आहे," असं म्हणून त्याने आणखी पोहे घेतले.

मग त्याने मला पहिल्यापासून शिकवायला घेतलं. मी पहिलीच शंका काढली ती नावाची. जमिनीवरच्या मशीनला ढग का म्हणायचं? त्याचं उत्तर ऐकून मला इंजिनिअर मंडळींबद्दल एकदम आपुलकी वाटली. नेटवर्कची आकृती काढताना एका टोकाला आपला कॉम्प्युटर, दुसऱ्या टोकाला समोरच्याचा, आणि मधल्या भानगडीत आपल्याला पडायचं नसतं म्हणून तिथे ते एक ढग काढून मोकळे होत. आम्ही चित्रकलेच्या तासाला दुसरं काय करत होतो? दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी आणि उरलेल्या जागेत ढग! आमच्या मास्तरांनी त्यासाठी मला कधी दहात चारच्या वर गुण दिले नाहीत. या लोकांनी त्याचा धंदा केला.

धंदा म्हणजे केवढा! पुस्तकं विकणाऱ्या अ‍ॅमेझॉनने मार्च २००६ मध्ये डेटा ठेवायची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॉम्प्युटरही भाड्याने द्यायला काढले. २०१६ च्या जूनमध्ये त्यांनी मुंबईत बस्तान बसवलं. त्याच्या आदल्या वर्षी मायक्रोसॉफ्टने पुणे, चेन्नई आणि मुंबई गाठली होती, आणि २०१७ मध्ये गूगलही मुंबईत आलं. ढगांची अशी दाटी झाली म्हटल्यावर ते पडणार कुठे? तर आमच्या दारात.

ऐरोलीच्या पश्चिमेला आम्ही आणि आमच्या मागे खाडी, फ्लेमिंगो वगैरे. पूर्वेला रेल्वे, ठाणे-बेलापूर रस्ता, आणि रस्त्यापलीकडे थेट पारसिकच्या डोंगरापर्यंत एमआयडीसी. एके काळी हा सगळा रासायनिक कारखान्यांचा पट्टा होता. ठाण्याहून बेलापूरकडे निघालेला माणूस बसमध्ये डोळे मिटून बसला तरी नाकावर स्टॉप ओळखायचा. हळूहळू धुराडी गेली, वास गेला, आणि त्या जागी मोठमोठे चौकोनी ठोकळे उभे राहिले. दिसायला गोदामासारखे, खिडक्या जवळजवळ नाहीत, गच्चीवर वातानुकूलनाची यंत्रं ओळीने मांडलेली. मी किती वर्षं त्यांना शीतगृह समजत होतो. आत बटाटे असावेत असा माझा अंदाज.

"बटाटे नाहीत मामा, क्लाउड आहे तो," भाचा म्हणाला. "महाप्याला कंट्रोल-एस, ऐरोलीला एनटीटी. तिकडे पनवेलला २०२० मध्ये योट्टाने केवढी इमारत उघडली! ७,२०० रॅकची."

रॅक म्हणजे माणसापेक्षा उंच कपाट. त्यात पिझ्झाच्या चपट्या खोक्यांसारखे सर्व्हर एकावर एक सरकवलेले. आपली घोडबंदरची, घणसोलीची, गोंदियाची सगळी दुनिया त्यात. हे सगळं नेमकं इथेच का, तर त्याची कारणं भाच्याने बोटांवर मोजली. परदेशातून समुद्राच्या तळाने आलेल्या केबल वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. बँका आणि शेअर बाजार मुंबईत. त्यात एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मान काढलं की पेमेंटचा डेटा भारतातच ठेवायचा, तोही सहा महिन्यांच्या आत. मुंबईत तर माणसालाच जागा नाही, सर्व्हरला कोण देणार? मग माणसाने जे केलं तेच सर्व्हरने केलं. खाडी ओलांडली.

आत काय असतं ते बघायची मला फार हौस. "एकदा ने ना," म्हटलं. भाचा म्हणाला, "मला स्वतःलाच जाताना दोनदा बोट द्यावं लागतं." दोन दरवाजे असतात म्हणे. पहिल्यातून आत जायचं, तो मागे बंद झाला की मगच पुढचा उघडतो. मधल्या खोक्यात माणूस एकटाच उभा. आमच्या सोसायटीत मात्र वॉचमनला 'कुरिअर' एवढा एकच शब्द सांगितला की माणूस पाचव्या मजल्यापर्यंत जातो.

आत रॅकच्या ओळी. सर्व्हरची तोंडं समोरासमोर, पाठी पाठीला. थंड हवा तोंडाकडून घ्यायची आणि गरम हवा पाठीकडून सोडायची, म्हणून एक गल्ली थंड आणि शेजारची गरम. मशीनच्या तोंडाशी येणारी हवा साधारण १८ ते २७ अंशांच्या दरम्यान ठेवतात. मे महिन्यात हा आकडा ऐकून हिने मला विचारलं, "तिथे माणसांना ठेवून घेतात का?"

वीज गेली तर आधी बॅटऱ्या, तोवर डिझेल जनरेटर सुरू होतात. एक जनरेटर बिघडला तर दुसरा तयार. या कामात श्रेणी असतात. तिसऱ्या श्रेणीच्या डेटा सेंटरसाठी ९९.९८२ टक्के असा आकडा सांगतात. म्हणजे वर्षाच्या ८,७६० तासांत दीड-पावणेदोन तासच बंद. चौथ्या श्रेणीला तर वर्षाला सव्वीस मिनिटं. आमच्या लिफ्टने ही सव्वीस मिनिटं १ जानेवारीलाच वापरून टाकली होती.

इथवर मला समजलं. गाडी अडली ती पुढे. भाचा म्हणाला, "आता हा एक सर्व्हर. पण त्यात पन्नास वेगवेगळे कॉम्प्युटर असू शकतात. खरे नाहीत, व्हर्च्युअल. प्रत्येकाला वाटतं, अख्खं मशीन आपलंच." मी चष्मा पुसला. त्याने कागदावर चौकोनात चौकोन काढले. मी पुन्हा चष्मा पुसला. शेवटी तो वैतागून म्हणाला, "अहो मामा, कॉट बेसिस!"

आणि मला लख्ख दिसलं. क्लाउड नव्हे, लालबागचा गाळा.

बाबा गिरणीत होते. आम्ही गावी रत्नागिरीकडे, ते इथे गाळ्यात. दहा बाय बाराची खोली आणि आमच्याच पंचक्रोशीतले अठरा बाप्ये. एका मे महिन्यात नऊ वर्षांचा असताना मी तिथे पाहुणा होतो. बाबांच्या वळकटीवर झोपलो होतो, तर पहाटे त्यांनी हलवलं. "ऊठ बाळा, ही जागा आता रातपाळीवाल्यांची." दारात रातपाळीचे तात्या उभे, केसांवर कापसाचे तंतू. बाबांनी वळकटी गुंडाळून भिंतीला लावली, तात्यांनी आपली सोडली. फरशी तीच, अजून गरम होती. दोघंही म्हणायचे, 'माझी जागा.' आणि दोघंही खरंच बोलत होते.

रिकामी जागा कोणाला परवडत नाही, हे गिरणगावातल्या प्रत्येक गाळ्याला ठाऊक होतं. एका कंपनीचा कॉम्प्युटर रात्री नुसता झोपा काढत असेल, तर तेवढा वेळ तो दुसऱ्याला द्या आणि भाडं दोघांकडून घ्या. याला भाच्याच्या भाषेत रिसोर्स पूलिंग म्हणतात. अमेरिकेत एनआयएसटी नावाची सरकारी संस्था आहे, तिने २०११ मध्ये क्लाउडची व्याख्या करताना पाच लक्षणं सांगितली, त्यात हे एक. तात्यांना कोणी विचारलं नाही, नाहीतर त्यांनी पन्नास वर्षं आधी सांगितलं असतं.

उरलेली लक्षणं कळायला मला लग्नघर पुरलं. घरात कार्य निघालं की पाचशे पान उठतं, म्हणून कोणी पाचशे ताटं विकत घेत नाही. मंडपवाल्याकडून आणतो. ऐनवेळी व्याह्यांकडची शंभर माणसं वाढली तर फोन करून आणखी शंभर मागवतो. दुसऱ्या दिवशी मोजून परत, आणि एक पळी कमी भरली तर तिचे पैसे. क्लाउडचंही तसंच. मागाल तेव्हा मिळतं, लागेल तसं वाढतं, नको तेव्हा आकसतं, आणि मीटर चालू असतो. आपल्याकडे एकट्या दहावीलाच पंधरा लाखांवर मुलं बसतात. निकालाच्या दिवशी दुपारी एकाच मिनिटाला मुलं, आई-वडील आणि मुलांपेक्षा जास्त घाबरलेले मामा असे सगळे एकाच संकेतस्थळावर तुटून पडतात. त्या दोन तासांसाठी वर्षभर शंभर सर्व्हर पाळणं म्हणजे एका लग्नासाठी घरात आचारी ठेवून घेणं. फक्त एक पथ्य आहे. काम झालं की मशीन बंद करायचं. नाहीतर टाकी भरल्यावर पंप बंद करायचा विसरलेल्या सेक्रेटरीसारखी गत होते. पाणी गच्चीवरून वाहतं आणि बिल सगळ्यांना येतं.

भाडेकरूही तीन प्रकारचे. नुसती रिकामी खोली घेऊन सामान आपलं आणणारा, हा पहिला. दुसऱ्याला ओटा, शेगडी, भांडी तयार मिळतात, त्याने फक्त रांधायचं. तिसरा थेट खानावळीत जाऊन पाटावर बसतो, पुढ्यात ताट येतं. भाच्याने त्यांची नावं सांगितली ती आयएएएस, पीएएएस आणि एसएएएस. ऐकताना एखाद्याला दम लागल्यासारखं वाटतं. पण आपण बहुतेक सगळे तिसऱ्यात मोडतो. ई-मेल वाचतो, फोटो चढवतो, आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरतो; आत चूल कोण फुंकतं ते बघायला जात नाही.

एवढं ज्ञान झाल्यावर मी फोटो क्लाउडवर चढवले आणि लगेच माती खाल्ली. फोटो वर सुखरूप पोचल्याची खूण दिसली, म्हणून मी निर्धास्तपणे फोनमधले खोडले. संध्याकाळी हिला नातवाचं बारसं दाखवायला गेलो तर वरही काही नाही. पाळणा गेला, आत्याबाई गेल्या, घुगऱ्या गेल्या. गुलाब तेवढे राहिले होते, कारण ते मी अजून चढवले नव्हते.

रात्री अकराला भाच्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मामा, त्याला सिंक म्हणतात. फोन आणि क्लाउड ही दोन कपाटं नाहीत, एकाच कपाटाची दोन दारं आहेत. तुम्ही या दाराने काढलंत, त्या दारातून कसं दिसेल? जागा मोकळी करायचं बटण वेगळं असतं." मग त्याने कचऱ्याचा डबा कुठे आहे ते सांगितलं. खोडलेले फोटो त्यात साठ दिवस राहतात. नवी मुंबईची घंटागाडी रोज सकाळी दारात येते आणि ओला-सुका वेगळा नसेल तर ऐकवून जाते, याची सवय असलेल्या माणसाला साठ दिवस म्हणजे सुवर्णयुग वाटलं. बारसं परत आलं. आत्याबाईंसकट.

पण हिचा प्रश्न तसाच होता. पुढच्या शनिवारी पोहे द्यायच्या आधी तिने पुन्हा विचारलं, "किल्ली?"

भाच्याने या वेळी अभ्यास केला होता. "मामी, समजा ही आपली सोसायटी. गेट, वॉचमन, पाण्याची टाकी, लिफ्ट, ही सोसायटीची जबाबदारी. तुमच्या फ्लॅटचं दार तुमचं. ते उघडं टाकून झोपलात आणि चोरी झाली तर सेक्रेटरी काय करणार? क्लाउडवाला इमारत सांभाळतो. पासवर्ड तुम्ही सांभाळायचा."

"मी सांभाळलाय," मी म्हणालो. "डायरीत लिहिलाय. पहिल्याच पानावर. नातवाचं नाव आणि जन्मसाल."

भाच्याने डोळे मिटले. त्यानंतर अर्धा तास तो जे बोलला त्यातलं छापण्याजोगं एवढंच: पासवर्ड लांब ठेवा, प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा, आणि दुसरं कुलूपही लावा. दुसरं कुलूप म्हणजे पासवर्डनंतर फोनवर येणारा आकडा. "आणि फोनच हरवला तर?" हिने विचारलं. त्यासाठी आकड्यांच्या दहा नोंदी मिळतात. त्या कागदावर उतरवून सुरक्षित जागी ठेवायच्या. इतक्या मोठ्या ढगाची शेवटची किल्ली म्हणजे कागदाचा चिटोरा, हे ऐकून माझी सरकारी नोकरीतली पस्तीस वर्षं सार्थकी लागली.

"फोटो नक्की महाप्यालाच असतात ना रे?" मी जाता जाता विचारलं. म्हटलं, जवळ असले तर बरं, अधूनमधून जाऊन येता येईल.

"ते कुठेही असतील. इथे असतील, सिंगापूरला असतील. बहुतेक दोन-तीन ठिकाणी असतील. एक इमारत बुडाली तर दुसरीत हवेत ना?"

मला १२ ऑक्टोबर २०२० आठवला. सोमवार होता. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई असा सगळा पट्टा अंधारात गेला. लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. आम्ही गॅलरीत उभे राहून पुठ्ठ्याने वारा घेत होतो, आणि रस्त्यापलीकडून जनरेटरची घरघर ऐकू येत होती. तेव्हा मला वाटलं, एवढी कसली घाई आहे या बटाट्यांना? आता कळतं की त्या घरघरीच्या आत कोणाकोणाचे गुलाब थंड हवेत पहुडले असतील. आम्ही मात्र घामाघूम.

या सगळ्यात हिने एक काम काढलं. माळ्यावर बाबांची पेटी होती. गाळ्यात प्रत्येकाची एक असे, भिंतीला ओळीने लावलेली, वर पांढऱ्या रंगात नाव. अठरा माणसं, एक खोली, कोणाचं कोणाला लागत नसे, कारण प्रत्येकाची किल्ली त्याच्या करगोट्याला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरणी गेली आणि गाळाही सुटला. ती पेटी गावी गेली, आणि पुढे सिडकोचं वन रूम किचन झालं तेव्हा इथे आली. नवी जागा बघून बाबा भिंतीवरून हात फिरवत म्हणाले होते, "आता पहाटे कोणी उठवणार नाही." आयुष्य घालवून त्यांनी आम्हाला गाळ्यातून बाहेर काढलं. आणि मी महिना शंभर-सव्वाशे रुपये भरून आमचं सगळं किडूकमिडूक पुन्हा गाळ्यात नेऊन ठेवलं. पहाटे कोणाची तरी पाळी बदलत असेल, आमचे फोटो वळकटी गुंडाळून बाजूला होत असतील.

मला वाटलं, ही आता पेटी भंगारात देणार. तिने ती खाली घेतली, पुसली आणि उघडली. आत गाळ्यातल्या मंडळींचा एक फोटो, गणपतीपुढे बसलेले सगळे, कोपरे कसर लागून गेलेले. भाच्याने लगेच त्याचा फोटो काढून वर चढवला. म्हणाला, "मामी, पेटी टाकू नका. आमच्यात नियम आहे. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या, त्यातली एक दुसऱ्या जागी. फोनमध्ये एक, क्लाउडवर एक, ही तिसरी. ऑफलाइन बॅकअप."

तिला हे ऐकायचं नव्हतंच, कारण तिचं ठरलेलं होतं. त्या दहा नोंदींचा चिटोरा तिने चौघडी करून पेटीत तात्या-बाबांच्या फोटोखाली ठेवला आणि कुलूप लावलं.

तेव्हा क्लाउडची किल्ली पेटीत आहे. पेटीची किल्ली स्वयंपाकघरातल्या एका डब्यात आहे. कोणत्या डब्यात, ते लिहायची मला परवानगी नाही.